मोजून घ्या

पैशाविषयी लिहू नये, असा आपल्या मराठी मध्यमवर्गाचा एक अलिखित दंडक आहे. पाऊस, आई, गाव, जुना वाडा आणि आटलेली नदी यांविषयी माणसाने मनसोक्त लिहावे. परंतु आपल्या घरात महिन्याला किती येते, किती जाते आणि कोणाचे किती देणे आहे, याचा उच्चार चारचौघांत करू नये. साहित्याच्या पानावर तर नाहीच नाही. सुरतेत राहून हा दंडक पाळणे मात्र कठीण. येथे दोन माणसे भेटली की तिसऱ्या वाक्याला कशाचा तरी भाव निघतो. गुजराती शेजारी लग्नाच्या पंगतीत पहिला घास घेता घेता जमिनीचा, सुताचा नाहीतर सोन्याचा भाव विचारतो आणि त्यात काही अशिष्ट आहे असे त्याला मुळीच वाटत नाही. पन्नास-साठ वर्षांच्या वास्तव्यात आपण त्यांचे उंधियू घेतले, उत्तरायणाचे पतंग घेतले, पाडव्याला ‘साल मुबारक’ म्हणायलाही शिकलो. पैशाविषयीचा त्यांचा मोकळेपणा तेवढा आपण घेतला नाही.

सुरत आणि मराठी माणूस ही नावे एकत्र आली की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर एक ठरावीक हसू उमटते. ‘तुम्ही तर आमची सुरत लुटायला आलेले,’ हा विनोद आपणांपैकी प्रत्येकाने किमान शंभर वेळा ऐकला असेल. १६६४ आणि १६७० ही दोन साले सुरतेच्या स्मृतीतून जाणारी नाहीत. या प्रकरणातली एक बारीकशी गोष्ट मात्र मला लुटीपेक्षा जास्त मोलाची वाटते. बर्निए नावाच्या फ्रेंच प्रवाशाने नोंदवून ठेवले आहे, की डचांच्या एका दिवंगत दलालाचे घर शिवाजी महाराजांनी सोडून दिले. कारण हा गृहस्थ हयातीत मोठा दानधर्मी होता, असे त्यांना खात्रीपूर्वक सांगण्यात आले होते. यात महाराजांचे औदार्य दिसते, हे खरेच. पण मी विचार करतो तो त्या सांगणाऱ्याचा. मेलेल्या माणसाने आपल्या पैशाचे काय केले, हे गावाला ठाऊक होते आणि ती माहिती संकटाच्या घटकेला उपयोगी पडण्याइतकी पक्की होती. आज माझ्या जिन्यात समोरासमोर राहणाऱ्या दोन कुटुंबांना एकमेकांविषयी एवढी माहिती असेल, असे मी छातीठोकपणे सांगू शकणार नाही.

मी हिशेबाचा माणूस. पांडेसऱ्याच्या जी.आय.डी.सी.तील एका डाइंग-प्रिंटिंग मिलमध्ये १९८७ पासून २०१८ पर्यंत मेहताजी म्हणून काम केले. आपल्याकडे ज्याला मुनीम किंवा कारकून म्हणतील, त्याला येथे मेहताजी म्हणतात. शब्द भारदस्त आहे, पगार तितकासा नव्हता. त्या ३१ वर्षांत हजारो ताके कोरे आत येताना आणि रंगून बाहेर जाताना पाहिले. बॉयलरची भुकटी शर्टाच्या कॉलरवर आणि खाडीचा रंगीत वास नाकात इतका मुरला, की रविवारी तो आला नाही तर चुकल्यासारखे होई. परंतु माझे खरे काम ताक्यांचे नव्हते. ते होते पगारवाटपाचे.

महिन्याच्या दहा तारखेला संध्याकाळी, दिवसपाळी सुटताना आणि रातपाळी चढताना, कार्यालयाच्या खिडकीपाशी रांग लागे. बारा बारा तासांच्या पाळ्या. स्टेंटरच्या तोंडाशी उभा राहणारा माणूस घामाने इतका निथळलेला असे, की त्याला नोट देण्याआधी हात पुसायला चिंधी ठेवावी लागे. रांगेत आपला खानदेशी, उत्तर प्रदेश-बिहारचा भय्या आणि ओडिशाचा कारागीर असे सगळे असत. प्रत्येकाचे पाकीट आदल्या रात्री मी भरलेले असे. पाकीट हातात देताना एकच वाक्य बोलायचे, ‘मोजून घ्या.’ माझ्या आधीच्या वृद्ध मेहताजींनी पहिल्याच दिवशी मला बजावले होते, की हे वाक्य विसरायचे नाही. समोर मोजलेल्या पैशाबद्दल उद्या भांडण होत नाही, हे त्याचे व्यावहारिक कारण. पण हळूहळू माझ्या लक्षात आले, की त्या मोजण्याच्या अर्ध्या मिनिटात माणसाचा चेहरा वाचता येतो. जो दोनदा मोजतो, त्याच्याकडे घरी कोणीतरी तिसऱ्यांदा मोजणार असते. जो न मोजता खिशात टाकतो, तो एक तर नवा असतो किंवा त्याचे सगळे पैसे फाटकाबाहेर उभ्या असलेल्या सावकाराचे असतात. काहींच्या बायका पोर कडेवर घेऊन फाटकाशी उभ्या असत. त्यांच्या नवऱ्यांना मी मुद्दाम मोठ्या आवाजात आकडा सांगत असे. नवऱ्यांना ते आवडत नसे. बायकांना पुरेसे ऐकू जाई.

सप्टेंबर १९९४ मध्ये प्लेगची बातमी फुटली आणि दोन-तीन दिवसांत सुरत निम्मी रिकामी झाल्यासारखी वाटू लागली. मिलमध्ये मशीन होती, माणूस नव्हता. पळालेल्यांचे चढलेले दिवस भरून मी पाकिटे केली आणि तिजोरीच्या खालच्या कप्प्यात रचून ठेवली. दिवाळीच्या सुमारास माणसे एकेक करून परतू लागली. प्रत्येक जण तोंडावरचा रुमालसुद्धा न काढता प्रथम खिडकीशी येई आणि मी पाकीट पुढे सरकवून म्हणे, ‘मोजून घ्या.’ एका ओडिया मुलाने पाकीट हातात धरून बराच वेळ ते उघडलेच नाही. पैसे बुडाले असे धरूनच तो आला असावा.

ही सारी व्यवस्था २०१६ पर्यंत चालली. त्या वर्षी ८ नोव्हेंबरच्या रात्री पाचशे आणि हजाराच्या नोटा गेल्या आणि दोन दिवसांनी आलेल्या पगाराच्या तारखेला काय घडले, ते पांडेसऱ्यात राहणाऱ्यांना सांगायला नको. पुढच्या काही महिन्यांत मिलमधल्या बहुतेकांची बँकेत खाती उघडली गेली आणि माझी खिडकी बंद झाली. मी ती बंद झाल्याचा शोक करावा, अशी काही वाचकांची अपेक्षा असेल. तसे मला करता येत नाही. खात्यात थेट जमा होणाऱ्या पगारातून कोणी शंभराची नोट अलगद काढून घेऊ शकत नाही. दारूच्या गुत्त्यापर्यंतची वाट थोडी तरी लांब झाली. आणि पासबुक नावाची वस्तू पहिल्यांदाच अनेक घरांत शिरली. जुने ते सगळे सोने, असे म्हणणाऱ्यांनी एकदा पगाराच्या रात्री आमच्या फाटकाबाहेरचा सावकार पाहायला हवा होता.

तरीही एक गोष्ट घडली. पैसा हातात यायचा थांबला. तो आता मोबाइलवर येतो आणि येतो म्हणेपर्यंत निघूनही जातो. कधी दुचाकीचा हप्ता, कधी फ्रिजचा हप्ता, तर कधी रिचार्ज. चहाच्या टपरीवर चौकोनी चित्र चिकटवलेले असते, त्यावर मोबाइल धरला की पेटीतून एक बाई किती रुपये मिळाले ते मोठ्याने सांगते. (माझ्या कामाचा एवढाच भाग त्या पेटीने पुढे चालवला आहे.) महिनाअखेरीस आमच्या शेजारचा पंचविशीतला मुलगा मोबाइलकडे पाहत आपल्या अहिराणीत स्वतःशीच विचारतो, ‘पैसा कथा ग्या?’ पैसा कुठे गेला, हे त्याच्या यंत्रात ओळीने लिहिलेले असते. त्याचा प्रश्न तो नसावा.

आपण मंडळी सुरतेला आलो त्या गाडीविषयी थोडे लिहितो, कारण पैशाचा एक चमत्कारिक धडा त्याच रुळांवर आहे. विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर तापी खोऱ्यातून ही लोहमार्गाची वाट झाली. अंमळनेर, दोंडाईचा, नंदुरबार, मग नवापूर, जिथले अर्धे स्टेशन महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे, आणि शेवटी उधना. आमचे वडील १९७२ च्या दुष्काळात अंमळनेरच्या फलाटावरून या गाडीत बसले. त्याच अंमळनेरात १९४५ साली वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स नावाची तेल-तुपाची कंपनी निघाली होती. वनस्पती तूप आणि कपड्याचा साबण असा तिचा संसार. तिचे समभाग गावातल्या काही कुटुंबांनी घेतले. पुढे त्याच कंपनीची विप्रो झाली, संगणकात गेली आणि ज्यांनी ते कागद जपून ठेवले त्यांची नातवंडे कोट्यधीश झाली. काहींनी ते कागद मध्येच कधीतरी विकून टाकले असतील. मुलीचे लग्न, विहिरीचे काम, आजारपण, कारणे नेहमीची असतात.

ही कथा आता सगळीकडे सांगतात, आणि सांगताना तिचा सूर ‘पाहा, धीर धरला तर काय होते’ असा असतो. मला तो सूर पटत नाही. साबणाच्या कंपनीचा कागद ठेवणाऱ्याला संगणकाचे स्वप्न पडले नव्हते. त्याला तो विकण्याची गरज पडली नाही, एवढेच. धीर हा पुष्कळदा गरज नसण्याचे दुसरे नाव असते. त्याच गावात प्रतापशेठांनी कापडगिरणी काढली आणि १९१६ साली तत्त्वज्ञान मंदिरही उभारले. सुताच्या पैशातून वेदान्ताचा अभ्यास! सुरतेत सुताचा पैसा कमी नाही. त्यातून काय काय उभे राहिले, याची यादी वाचकांनीच मनात करावी.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. आमच्या सौ. गेली बावीस वर्षे पांडेसऱ्याच्या हाउसिंग बोर्डात एक भिशी चालवतात. मराठीत आपण भिशी म्हणतो, गुजराती शेजारणी वीशी म्हणतात. आमच्या येथे बायका नेमक्या वीस असल्यामुळे दोन्ही नावे चालून जातात. व्यापाऱ्यांच्या भिशीत बोली लागते. ज्याला घाई अधिक, तो कमी रक्कम घेऊन आधी उचलतो आणि उरलेले इतरांत वाटले जाते. बायकांच्या भिशीत बोली नाही. महिन्याला प्रत्येकी हजार रुपये, वीस हजारांचा डबा, चिठ्ठी निघेल तिचे नाव. मात्र चिठ्ठी काढण्याआधी सौ. सगळ्यांकडे एकदा पाहतात आणि विचारतात, ‘कोणाला अडचण?’ कोणी बोलली तर चिठ्ठी निघत नाही, डबा तिचा. ही बहुतेक मंडळी घरी बसून साड्यांना टिकल्या चिकटवणारी, धागे कापणारी, लेस लावणारी. नगावर मजुरी मिळते. हजार रुपये म्हणजे किती साड्या, हे त्यांना तोंडपाठ आहे.

ऑगस्ट २०१९ मध्ये सुरू झालेल्या फेरीत सातवा डबा, फेब्रुवारी २०२० चा, खालच्या मजल्यावरच्या एका वहिनींनी अडचण सांगून घेतला. सासूबाईंचे ऑपरेशन होते. मार्चचा हप्ता त्यांनी वेळेवर भरला. मग टाळेबंदी आली. मिली थंड, यंत्रमागांची खाती बंद; आयुष्यात प्रथमच रात्री झोपताना मला मशीनचा आवाज ऐकू आला नाही. मे महिन्यात वहिनींचे कुटुंब मिळेल त्या वाहनाने नंदुरबारकडे निघून गेले. खोली भाड्याची होती, ती सुटली. त्यांचे बारा हप्ते, म्हणजे बारा हजार रुपये, यायचे राहिले.

ऑक्टोबरमध्ये उरलेल्या एकोणीस बायका आमच्या घरी जमल्या. मी आतल्या खोलीत वर्तमानपत्र धरून बसलो होतो, वाचत नव्हतो. हिशेबाने पाहिले तर प्रश्न सरळ होता. सात जणींचे डबे उचलून झाले होते, बारा जणींचे बाकी होते. एक हप्ता कमी म्हणून यापुढचा प्रत्येक डबा एकोणीस हजारांचा, तोटा बाकीच्या बारा जणींचा, प्रत्येकी हजार. मी मेहताजी असतो तर असेच लिहिले असते. बायकांनी तसे केले नाही. अर्धा तास आवाज चढले, एक-दोन जुनी भांडणे विनाकारण वर आली, आणि शेवटी ठरले, की एकोणीस जणींनी दरमहा पन्नास रुपये जास्त भरावेत. म्हणजे १,०५० गुणिले १९, डबा १९,९५० चा. ज्यांचा डबा आधीच मिळाला होता त्या सात जणींनी वर्षभरात सहाशे सहाशे रुपये असे भरले, की ज्यातून त्यांना एक पैही परत मिळणार नव्हती. टिकली लावणाऱ्या बाईचे सहाशे रुपये! प्रत्येक डब्यातून कमी पडलेल्या पन्नास रुपयांबद्दल कोणी बोलले नाही. हा निवाडा कुठल्या कायद्याच्या पुस्तकात बसतो, मला सांगता येणार नाही; पण ३१ वर्षांत एवढा स्वच्छ हिशेब मी लिहिलेला नाही.

वहिनी गावाहून पैसे पाठवू लागल्या. कधी पाचशे, कधी हजार, एकदा दोन हजार, भाच्याच्या मोबाइलवरून. २०२२ पर्यंत साडेसात हजार आले आणि मग थांबले. आलेली रक्कम वाटून न घेता बायकांनी डब्यात वेगळी ठेवली. अडीअडचणीला ती उसनी फिरते. २०२३ च्या वैशाखात वहिनींच्या मुलीच्या लग्नाची पत्रिका आली. एकीने सुचवले, ‘राहिलेले साडेचार हजार आहेर म्हणून सोडून देऊ.’ सुचवण्यात माया होती आणि मलाही ते शोभेसे वाटले. सौ.नी मान हलवली. ‘आहेर वेगळा, देणे वेगळे. माफ केले तर ती पुन्हा आपल्यात बसणार नाही.’ आहेराचे अकराशे पाकिटात घातले गेले आणि वहीतले साडेचार हजार तसेच राहिले. सहा-सात जणी लग्नाला गेल्या. हळद लागलेल्या गर्दीत वहिनींनी स्वतःच सौ.ना कोपऱ्यात घेऊन विचारले, ‘ताई, किती राहिले?’ ‘साडेचार.’ ‘माझ्या ध्यानात आहे.’ एवढेच बोलणे झाले. सौ. सांगतात, की नंतर पंगतीत वहिनींनी त्यांच्या पानात आग्रहाने पुरणपोळी वाढली, ती घरच्यासारखी.

आता दुसऱ्या बाजूचे. ज्याचा उल्लेख वर केला त्या शेजारच्या मुलाने मोबाइलवरच्या एका अॅपमधून रात्री साडेअकरा वाजता कर्ज काढले. कोणाला अडचण सांगावी लागली नाही, हेच त्याचे आकर्षण. आठवड्याभरात वसुलीचे फोन सुरू झाले. त्याला नव्हे, त्याच्या यंत्रात ज्यांची ज्यांची नावे होती त्या सर्वांना. मामाला, शिक्षकांना, होणाऱ्या सासऱ्यांना. अशा तक्रारी देशभर इतक्या झाल्या, की २०२२ साली रिझर्व्ह बँकेला मोबाइलवरच्या कर्जांसाठी नियमावली काढावी लागली. चार बायकांपुढे ‘मला अडचण आहे’ म्हणायची लाज वाटली म्हणून तो जिथे गेला, तिथून त्याची लाज शंभर घरी पोचवण्यात आली. आजच्या काळात खासगीपणाचे फार कौतुक होते. मला त्याविषयी थोडा संशय आहे, इतके म्हणतो.

आमच्या घरातही सध्या पैशाचा प्रश्न उभा आहे. चिरंजीवांना हाउसिंग बोर्डाचे हे घर विकून वेसूकडे फ्लॅट घ्यायचा आहे. उरलेल्या रकमेचे वीस वर्षांचे कर्ज. मी वीस वर्षांचे व्याज कागदावर मांडून त्याच्यापुढे ठेवले. त्याने ते नीट पाहिले आणि म्हणाला, ‘आप्पा, आजोबांनी खोलीचं भाडं भरण्यात पंधरा वर्षं घालवली. तेव्हा कोणी त्यांना कर्ज दिलं असतं, तर त्यांनी घेतलं नसतं का?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही. वडिलांना कोणतीही बँक दारात उभी करत नव्हती, हे सत्य आहे. कर्ज मिळणे हीसुद्धा एक प्रतिष्ठा आहे आणि ती आपल्या लोकांनी या शहरात दोन पिढ्या खपून मिळवली आहे. तेव्हा हप्त्यांना सरसकट नावे ठेवणे मी सोडले आहे. माझी हरकत उरते ती एवढीच, की वेसूच्या नवव्या मजल्यावर महिना ओढाताणीचा आला, तर ‘कोणाला अडचण?’ असे विचारणारे कोणी असेल काय. चिरंजीव म्हणतात, तिथे सोसायटीचा ग्रुप आहे. असेल.

निर्णय अजून झालेला नाही. दसऱ्यानंतर पाहू, असे घरात ठरले आहे. मधल्या काळात एक गोष्ट घडली. सूनबाई हिऱ्यांच्या एका कार्यालयात संगणकावर काम करतात. पगार माझ्या शेवटच्या पगाराच्या दुप्पट. भिशी म्हणजे बिनव्याजी पैसे अडकवणे, असे त्यांचे मत लग्नापासून ऐकत आलो आहे, आणि हिशेबाने ते बरोबरच आहे. परवा मात्र त्यांनी स्वयंपाकघरात सौ.ना हळूच विचारले, नव्या फेरीत एक जागा होईल का. सौ. पोळी लाटत होत्या. म्हणाल्या, ‘वीस भरल्या आहेत. एकवीस केल्या, तर तिला वीशी कोण म्हणेल? कोणी निघाली तर सांगते.’